खोली थंड आढळली

उन्हाळ्यात अर्ज केला की हिवाळ्यात त्याची चौकशी होते. आणि हिवाळ्यात विचारायला गेलं की स्वेटर घातलेला बाबू खिडकीतून विचारतो, "मॅडम, अब ठंडी में एसी का क्या करोगे?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं लांबलचक उत्तर आहे. पण ते ऐकायला तो थांबत नाही, कारण तोवर मागच्या माणसाने माझ्या खांद्यावरून आपलं बिल आत सरकवलेलं असतं.

आमचं घर मुर्रीला, गोंदियाला लागूनच. पुढे वस्ती, मागे धानाचे बांध. घरात आम्ही तिघं: आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत मला तापट बाई म्हणतात आणि ते खोटं नाही. भाऊ वायरमन होता. नव्या घरांचं फिटिंग, लग्नाच्या मांडवातली लायटिंग, जयंतीला अख्ख्या वस्तीची रोषणाई, सगळं तोच करायचा.

अशाच एका जयंतीच्या तयारीत तो गल्लीतल्या खांबावर चढला. गल्लीची लाइन बंद करून घेतलेली होती. पण गल्लीतल्याच कोणीतरी मागच्या रस्त्याच्या लाइनवरून आपल्या घरात चोरून तार ओढली होती, आणि त्या तारेतून करंट उलटा आमच्या गल्लीत शिरला. झटका बसून भाऊ खाली पडला. तेव्हापासून मानेखालचं शरीर त्याचं ऐकत नाही. खांदे हलतात, हात थोडेसे उचलले जातात, तोंड मात्र पहिल्यासारखंच चालतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी घरी पाठवताना आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की याच्या शरीराला आता घाम येणार नाही आणि हुडहुडीही भरणार नाही. खोली तापली की हा तापेल, खोली गारठली की हा गारठेल. तेव्हा खोली सांभाळा. हे सांगायला सोपं, पण डॉक्टर गोंदियात राहत नव्हते. आमच्याकडे मे महिन्यात भिंतीला हात लावता येत नाही आणि डिसेंबरात पाण्याला. एका हिवाळ्यात आईने मायेने त्याच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. त्याला काही कळलं नाही आणि सकाळी पायाला हा मोठा फोड. ती जखम भरता भरता होळी आली. आईने ती पिशवी पुन्हा घरात दिसू दिली नाही.

उन्हाळ्यात कूलर होता. कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत चालतो. खरी परीक्षा जूनमध्ये, पाऊस येतो येतो म्हणून हुलकावणी देतो तेव्हा. हवेत पाणी आणि आकाशात ढग, कूलर नुसती ओली वाफ तोंडावर फेकतो. त्या दिवसांत भावाला ताप चढायचा. म्हणजे तो आजारी पडायचा असं नाही, तो नुसता तापत जायचा.

म्हणून मी शहरातल्या दुकानातून एक मशीन आणलं. थंडही करतं, गरमही करतं, असं दुकानदाराने तीनतीनदा सांगितलं. "बारा महिने का आराम, दीदी." खोकं घरी आलं, बाहेरच्या खोलीत ठेवलं, आणि दुकानाचा फिटर आमचं मीटर बघून म्हणाला की एवढ्याशा कनेक्शनवर हे चालणार नाही, आधी लोड वाढवून घ्या. मग लगेच आवाज बारीक करून त्याने दुसरा रस्ताही सांगितला. मागच्या रोडच्या लाइनवरून एक तार ओढून देतो, कोण बघायला येतं?

आतल्या खोलीतून भाऊ म्हणाला, "त्याले म्हणा, चहा पे अन जाय."

त्या दिवसापासून ते खोकं आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. आईने आठवड्याभरात त्यावर क्रोशाचा टेबलक्लॉथ टाकला, त्यावर प्लॅस्टिकची फुलदाणी आली, आणि पाहुणे आले की चहाचा ट्रे त्यावर ठेवला जाऊ लागला. बारा महिने का आराम तो एवढाच.

विजेच्या ऑफिसात अर्ज दिला. तिथे कळलं की आमच्या गल्लीला वीज देणारी डीपी फुल आहे. नवी डीपी बसेपर्यंत कोणाचाच लोड वाढणार नाही आणि ती कधी बसेल हे खिडकीतल्या बाबूला माहीत नव्हतं. पण घरात गंभीर रुग्ण असेल तर काम आधी होऊ शकतं, असं त्याने सांगितलं. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागेल आणि साहेब स्वतः घरी येऊन गरज आहे की नाही ते पाहून जातील. मला बरं वाटलं. म्हटलं, पाहून जाऊ दे. आमची गरज पलंगावर उघडी पडलेली आहे, ती लपवायची कशी?

साहेब येणार हा निरोप आला आणि आई कामाला लागली.

आमच्या आईचा एक नियम आहे. उन्हातून आलेल्या माणसाला आधी सावली, मग पाणी, मग जे काय बोलायचं ते. वस्तीत कोणीही येवो, मतं मागणारा येवो की बांगड्या विकणारी. आणि हा तर साहेब, आपल्या पोराच्या कामासाठी येणारा. तिने पहाटेच आतल्या खोलीच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधले आणि ते भिजवत राहिली. कूलरमध्ये नवा वाळा भरला, टाकीत बर्फ टाकला. तेवढ्याने भागेना म्हणून शेजारच्या काकूंचा कूलर दोन माणसं लावून आमच्या दारात आणला. छतावर पाणी मारलं. मीही तिला मदत करत होते, हे सांगायलाच हवं. बर्फ मीच आणला होता. साहेबासमोर घर चांगलं दिसावं, एवढंच आम्हा दोघींच्या डोक्यात होतं.

साहेब सकाळी लवकर आले. भले गृहस्थ होते. खोलीत शिरताच "वा" म्हणाले, खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले. आईने कैरीचं पन्हं दिलं, चहाचा ट्रे खोक्यासकट आत आणवला. भाऊ गप्पिष्ट, त्याने साहेबांना कुठले, काय, विचारलं. साहेबांचे मामा निघाले आमगावचे. मग मामाच्या गल्लीतलं कोणतं घर कोणाचं इथपर्यंत गप्पा गेल्या. दोघं चांगले हसले. जाताना साहेब मला म्हणाले, "काळजी करू नका मॅडम." आई दारापर्यंत पोचवायला गेली.

मग काहीच झालं नाही. मी शाळा सुटली की सायकलस्टँडवर गाडी लावून त्या खिडकीशी जायची. फाइल वर गेली आहे. फाइल वरून आली आहे पण खाली नाही पोचली. मधे कुठे आहे? हे विचारायचं नसतं. एका दुपारी मी जागेवरून हलायचंच नाही असं ठरवलं, तेव्हा बाबूने वैतागून कागद चाळले आणि मला ऐकवलं.

"आपका तो नामंजूर है. साहब ने लिखा है ना, खोली थंड आढळली, रुग्ण समाधानी आहे. तातडी की जरूरत नहीं."

मी म्हणाले, "पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं. तेच होतं. साहेबांनी जे पाहिलं ते लिहिलं होतं आणि जे त्यांनी पाहिलं ते आम्ही दोघींनी पहाटेपासून खपून तयार केलं होतं. मी त्या खिडकीशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी येऊन आईवर ओरडले. आईला आधी समजेचना. मग समजलं तेव्हा ती म्हणाली, "मंग साहेबाले का उन्हात बसवाचं होतं का?" आणि आत निघून गेली. भावाला मात्र हसू आवरेना. मला त्याच्या हसण्याचाही राग आला.

तो जून वाईट गेला. भाऊ एका दुपारी बरळायला लागला, डोळे वर गेले. ओल्या चादरीत गुंडाळून, रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाई माझ्यावरच खेकसल्या, याला असं तापू देतात का म्हणून. आता त्यांना मी काय सांगणार? अर्ज विचाराधीन होता, तो नामंजूर झाला, कारण आमचं घर थंड आहे?

बरा होऊन तो घरी आला तसा मी नवा अर्ज दिला. जुन्या अर्जाला जोडून चालत नाही, तो बंद झाला. नवा दाखला, नवे फोटो. पावसाळा गेला, धान कापून झालं, थंडी आली आणि ते स्वेटरचं संभाषण झालं. मी बाबूला थोडक्यात म्हटलं, मशीन गरमही करतं. तो म्हणाला, "तो हीटर ले लो." मी म्हटलं, हीटरने भावाची कातडी भाजली तर त्याला कळणार नाही. यावर तो फाइल शोधून देतो म्हणाला. पुढच्या खेपेला गेले तर तो कचारगडच्या यात्रेला गेलेला. यात्रेबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांचा देव आहे, वर्षातून एकदा जायलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की कपाटाची किल्ली ऑफिसात ठेवून जायला कोणत्या देवाची मनाई होती? दरम्यान पन्हं पिऊन गेलेल्या साहेबांची बदली सडक अर्जुनीला झाली. नवे साहेब हजर व्हायचे होते. त्यांच्याआधी उन्हाळाच हजर झाला.

नवे साहेब पाहणीला येणार असं कळलं तेव्हा मी आईला समोर बसवलं. सांगितलं, या वेळी कूलर बंद. पडदे नाहीत, बर्फ नाही, पन्हं नाही. साहेब भर दुपारी येणार आहेत, हे आपलं नशीबच, त्यांना खोली जशी असते तशी दिसू दे.

"कूलर तर आपण रोजच लावतो," आई म्हणाली.

"साहेब असेपर्यंत नाही."

"अन त्याले कूलर नसन तर?" तिने भावाच्या खोलीकडे पाहिलं. मी म्हटलं, थोडा वेळ. तिने माझ्याशी बोलणं सोडलं. भावाने मात्र मान डोलावली.

साहेब आले ते घामाघूम होऊनच. मी त्यांना पलंगाजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. वर पंखा गरम हवा ढवळत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. मी साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगत होते, पण त्यांचं लक्ष स्वतःच्या मानेवरून ओघळणाऱ्या घामाकडे. रुमाल ओला झाला. त्यांनी भावाकडे नीट बघितलं, त्याच्या कोरड्या हातांकडे, कोरड्या छातीकडे, आणि मला म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना, पण यांना तर काही त्रास दिसत नाही. मलाच गरमी होऊन राहिली."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात आई दारातून पुढे आली. तिने साहेबांचं मनगट धरलं, विचारलंही नाही, आणि त्यांचा ओला हात भावाच्या दंडावर ठेवला.

साहेबांनी हात झटकन मागे घेतला. मग स्वतःहून पुन्हा ठेवला, छातीवर, पोटावर.

"साहेबाले घाम येते, म्हणून साहेब थंडे राह्यतात," आई म्हणाली. "माह्या पोराले येतच नाही."

"ताई," भाऊ म्हणाला, "आता तरी साहेबाले कूलर लाव. किती तरास देशील."

मी कूलर लावला. साहेबांनी तिथेच मांडीवर कागद घेऊन लिहिलं, लिहिताना त्यांची मान खाली होती. आईने पन्हं आणून दिलं. ते तिने करून ठेवलेलंच होतं, माझ्यापासून लपवून.

मला वाटलं, सुटलो. पण साहेबांनी लिहिलेलं साहेबांच्या साहेबांनी पाहायचं असतं. त्यांनी पाहिल्यावर अंदाजपत्रक बनतं. ते अंदाजपत्रक नागपूरहून तपासून येतं. माझ्या खेपा पुन्हा सुरू झाल्या आणि पुन्हा जून आला, तसाच ढगाळ, चिकट, थेंबाचा पत्ता नाही. भावाला रोज दुपारी ताप चढू लागला. आम्ही दोघी आळीपाळीने ओले टॉवेल बदलत होतो. एका सकाळी मी टॉवेल पिळत असताना त्याने भिंतीकडे पाहत मला म्हटलं, "ताई, त्या फिटरले बोलव. जोडू दे मागच्या लाइनवरून."

मी वर्षभर त्याच्या तोंडून हेच ऐकायची वाट पाहत होते. त्याच्या हट्टाचा मला किती राग आला होता. आणि आता ऐकलं तर मला भीती वाटली. त्याने आजवर बाकी सगळं सोडून दिलं होतं, चालणं, काम, ठरलेलं लग्न. ही एकच गोष्ट धरून ठेवली होती. तरी मी फिटरला फोन केला. मला भाऊ हवा होता.

फिटर दुपारी आला. आईने फुलदाणी उचलली, टेबलक्लॉथ घडी करून ठेवला. खोकं उघडलं. फिटरने भिंतीला भोकं पाडायच्या खुणा केल्या आणि तारेचं भेंडोळं घेऊन तो मागच्या बाजूला निघाला, तेवढ्यात लाइट गेली. गल्लीतला फ्यूज उडाला होता. थोड्या वेळाने विजेचा माणूस सायकलवरून आला, खाली लाइन बंद केली, खिशातून पक्कड काढली आणि आमच्या खिडकीसमोरच्या खांबावर चढू लागला. चाळिशीचा असेल, पोट सुटलेलं, दर दोन हातांवर थांबून दम खात होता.

भावाच्या उशीवरून तो खांब दिसतो. त्याच खांबावरून भाऊ पडला होता.

"ताई, फिटरले म्हण, थांब."

फिटर म्हणाला, "हो भाऊ, तो उतरल्यावर जोडतो. इतका येडा नाही मी."

भाऊ काही वेळ त्या माणसाकडे बघत राहिला. ओठ सुकले होते त्याचे. मग म्हणाला, "आज उतरन. उद्या पुन्हा चढन ना तो."

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मी भावाकडे. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. मला त्या खिडकीतल्या बाबूला, दोन्ही साहेबांना, नागपूरला तपासत बसलेल्या कोणाला तरी इथे आणून या पलंगाशी उभं करावंसं वाटलं. आणि यातलं काहीच करता येत नव्हतं, म्हणून मी फिटरला म्हटलं, जा तू.

त्याने तार गुंडाळली. खांबावरचा माणूस खाली उतरला तर आईने त्याला हाक मारली. लाइट आली होती, कूलर सुरू होता. तिने त्याला कूलरसमोर बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं. भावाने त्याला विचारलं, चढायच्या आधी लाइन तपासतोस ना. तो म्हणाला, "तपासतो भाऊ. पण कोणी चोरून घेऊन राहिला तं आपल्याले कसं समजन?"

त्याच संध्याकाळी भावाला आम्ही दवाखान्यात नेलं आणि पाऊस धरेपर्यंत तिथेच ठेवलं. आईने खोकं पुन्हा बंद करून त्यावर टेबलक्लॉथ टाकला.

मंजुरी धानाच्या रोवणीच्या दिवसांत आली. मोबाइलवर निरोप आला आणि मागोमाग बाबूचाही फोन, "मुबारक हो मॅडम. अब तो बारिश है, आराम से लगाओ." मी फोन ठेवून दिला. चांगलं काही बोलता आलं नसतं. डीपी बसली, मशीन बसलं. दार-खिडक्या लावून घेतल्या आणि आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. भावाच्या दंडाला मी दर थोड्या वेळाने हात लावून बघत होते. दंड साधा होता, माणसाच्या दंडासारखा.

मी आईला विचारलं, साहेबांना चहाला बोलवायचं का, तुझ्या मनात असेल तर.

"साहेब येतीन मंग," आई म्हणाली. "तो खांबावाला आहे ना, पोट सुटलेला, त्याले बोलव आधी. थंड्यात बसू दे जरासा."

तो आला. आईने त्याला पलंगाजवळच्या खुर्चीत बसवलं. चहाचा ट्रे ठेवायला आता खोकं नव्हतं, म्हणून तो मी हातात धरून उभी राहिले.